प्रेसवरचा कलावा

गजभिये साहेबांपुढे चहा ठेवला की ते आधी स्टीलची ताटली पालथी करून पाहत. घर कुणाचेही असो. वाटी, तांब्या, डब्याचे झाकण, जे हाती येईल त्याच्या काठावरून त्यांचा अंगठा सावकाश फिरे. "डाय घासली आहे यांची," असे साच्याविषयी स्वतःशीच म्हणून ते मग ओशाळत आणि वस्तू जागच्या जागी ठेवून देत. त्यांच्या पत्नी शालूताई यांना ही सवय मुळीच रुचत नसे.

"लोकांच्या घरी जाऊन भांडी तपासून राहिले! उद्या पोरीसाठी स्थळ पाहायला गेलो, तर नवरदेवालाही पालथं करून पाहाल."

"काठ बरोबर असला, तर नाही पाहणार," साहेब गंभीरपणे उत्तर देत.

लखनौच्या अलीगंजात आमच्या गल्लीत मराठी बोलणारी घरे दोनच होती: एक त्यांचे आणि एक आमचे. मी सातारा जिल्ह्यातून येथील एका पाठशाळेत संस्कृत शिकविण्यासाठी आलो आणि येथेच वृद्ध झालो. ते मूळचे भंडाऱ्याचे. एका सरकारी कारखान्यात अभियंता म्हणून आले आणि स्वेच्छानिवृत्ती घेऊन त्यांनी शहराच्या कडेला चिनहटला पत्र्याचे सुटे भाग बनविण्याचा स्वतःचा छोटा कारखाना काढला. त्यांचे घराणे बौद्ध, माझे घर देवपूजेचे. आम्हा दोघांना एकत्र आणले ते भाषेने. दर रविवारी सकाळी ते पाली गाथांचा अर्थ विचारण्यासाठी माझ्याकडे येत. पाली माझा विषय नव्हे, परंतु संस्कृताच्या आधाराने आम्ही दोघे मिळून वाट काढीत असू. अर्थ लागला की ते मांडीवर थाप मारून म्हणत, "बसला! बरोबर बसला!" जणू काही दोन पत्रे एकमेकांत चपखल बसले असावेत.

पहिल्या रविवारची एक आठवण आहे. देवघराच्या उंबऱ्याशी ते थबकले. चपला तर बाहेरच काढलेल्या होत्या. आता वाकून मोजेही काढू लागले. त्यांची दृष्टी आतील तांब्याच्या ताम्हनावर खिळली होती.

"अहो, आत या ना. बाहेरून काय दिसणार?" माझी पत्नी म्हणाली आणि तिने ते ताम्हन उचलून त्यांच्या हातावर ठेवले.

त्यांनी ते अर्थातच पालथे केले. काठावरून अंगठा फिरविला. "हातानं ठोकलेलं आहे. प्रेसला असा काठ येत नाही," ते म्हणाले. मग ताम्हनाकडेच पाहत पुढे म्हणाले, "वहिनी, माझ्या आजीला अशा दारातून पाणी वरून ओतत होते."

माझी पत्नी फार बोलणारी नव्हती. ती आत गेली, पोहे आणि चहा घेऊन आली, आणि त्यांच्या समोर पाटावर बसली. ती आज नाही. परंतु गजभिये साहेब अखेरपर्यंत तिचा उल्लेख 'आमच्या वहिनी' असाच करीत.

साहेबांची महत्त्वाकांक्षा त्यांनी कधी लपविली नाही. त्यांचे वडील विडीच्या कारखान्यात तेंदूची पाने कातरता कातरता गेले. "बापाचा सारा जन्म दुसऱ्याच्या पाटीखाली गेला गुरुजी. मला माझी पाटी पाहिजे होती." ती पाटी त्यांनी लावलीही. मुलीच्या नावावरून कारखान्याचे नाव ठेविले 'प्रज्ञा प्रेसिंग्ज'. पाटीवर पहिली ओळ हिंदीत, दुसरी इंग्रजीत आणि खाली कोपऱ्यात, रंगाऱ्याशी भांडून, बारीक अक्षरात मराठीत 'सर्वांचे स्वागत'. चिनहटमध्ये ती ओळ वाचणारा माझ्याखेरीज दुसरा कोणी असेल, असे मला वाटत नाही. प्रज्ञा आता पुण्याला असते. वडील मराठीत बोलत, ती हिंदीत उत्तर देई आणि दोघांनाही त्यात काही वावगे वाटत नसे.

कधीकधी ते मला गाडीत बसवून फैजाबाद रस्त्याने नेत. लखनौ तेव्हा चहूबाजूंनी उसळत होते. आज जेथे मोहरीचे शेत पाहावे, तेथे पुढच्या खेपेस तारेचे कुंपण आणि त्यानंतर निळ्या पत्र्याचे छप्पर दिसे. एका मोकळ्या भूखंडापुढे ते हटकून गाडी थांबवीत. काच खाली करीत. आत नुसते गवत आणि एखादी म्हैस.

"दुसरं शेड इथं. सहा प्रेस. पोरींसाठी वेगळी कँटीन. लखनौ वाढून राहिलं गुरुजी, अन् आपण काय बसून राहायचं?"

त्यांच्या स्वरात लोभ नव्हता. एखादा यजमान होऊ घातलेल्या घराचा पाया दाखवितो, तसा त्यांचा चेहरा उजळलेला असे. मी मनोमन त्या भूखंडाला आशीर्वाद देत असे.

त्यांच्या कारखान्याचे एक व्रत होते, आणि ते समजावून सांगितल्याशिवाय पुढील कथा कळावयाची नाही. पॉवर प्रेस म्हणजे वरून घणासारखा खाली येणारा लोखंडी ठोकळा; खाली साचा, त्यावर पत्रा. ठोकळा पडला की पत्र्याला आकार येतो. त्या साच्यात कामगाराचा हात राहू नये म्हणून यंत्राला डाव्या-उजव्या बाजूस पंजाएवढी दोन बटणे असतात. दोन्ही एकाच वेळी दाबली, तरच ठोकळा खाली येतो. मला त्यांनी स्वतः उभे करून ती दाबावयास लाविली होती.

"बटणं दोन काहून? कारण हात दोन. दोन्ही हात बटणावर असले, की साच्यात कोणाचा हात राहील?"

"कोणाचाच नाही."

"बसला!"

मात्र ही रीत वेळखाऊ. पत्रा ठेवावा, हात काढावेत, दोन्ही बटणे दाबावीत, पुन्हा पत्रा. आसपासच्या पुष्कळ शेडांत एक बटण दोरीने वा फळकुटाच्या पाचरीने कायमचे दाबून ठेवीत. म्हणजे एक हात बटणावर, दुसरा हात साच्यात पत्रा सरकवीत राही आणि माल झपाट्याने निघे. बोटेही जात. 'तरक्की', म्हणजे प्रगती, हा शब्द त्या रस्त्यावर फार ऐकू येई. बोटांविषयी मात्र सहसा कोणी बोलत नसे. गजभिये साहेबांना त्याची अतिशय चीड होती. "त्यांच्या मालाला रक्ताचा वास येतो," असे ते म्हणत, आणि बाजारात तो माल पाहिला तर अंगठाही लावीत नसत.

भाद्रपदात इकडे विश्वकर्मापूजा होते. कामगार यंत्रे धुतात, हळदकुंकू लावतात, प्रत्येक यंत्राला कलावा, म्हणजे आपल्याकडील रक्षासूत्रासारखा लाल-पिवळा धागा, गुंडाळतात. साहेब स्वतः पूजा करीत नसत. परंतु त्या दिवशी दाराशी अनवाणी उभे राहत. मला मात्र आवर्जून नेत.

"मंत्र बरोबर म्हणून राहिले की नाही, तेवढं पाहा गुरुजी."

"आपला तर त्यावर विश्वास नाही," मी एकदा थट्टेने म्हणालो.

"माझा नाही. मंत्र चुकल्यानं मशीन बिघडत नाही. पण पूजेत कोणी चूक काढली तर माणूस बिघडते. माझ्या आजोबांच्या श्रद्धेला कोणी विचारलं नव्हतं. म्हणून मी यांच्या श्रद्धेला हात लावत नाही."

हा त्यांचा नियम होता आणि मी त्याला मनापासून वंदन करीत असे. पूजेचा धागा ते कधीही काढू देत नसत. तो झिजून आपोआप गळे.

त्या वर्षी त्यांना एका मोठ्या कंपनीचे काम मिळाले. इतके मोठे काम त्यांना कधी मिळाले नव्हते. ते वेळेत पुरे झाले, तर पुढील काम निश्चित आणि त्या जोरावर तो भूखंड, ते शेड, सारे साकार होणार होते. पूजा होऊन काही आठवडे लोटले होते. एका रविवारी गाथा बाजूला ठेवून त्यांनी मला विचारले, "गुरुजी, पूजेचा धागा किती दिवस ठेवतात?"

"नियम असा काही नाही. आपोआप गळेपर्यंत ठेवण्याची चाल आहे."

"म्हणजे काढायचं कारण नाही."

"कारण नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटले, ते मला परधर्माविषयीच्या आदराचे वाटले. त्या दिवशी त्यांनी चहाची ताटली मात्र पालथी केली नाही.

दिवाळी उलटली होती. एका दुपारी शालूताईंचा दूरध्वनी आला. "गुरुजी, कारखान्यात अपघात झाला. रामसजीवनचा हात गेला म्हणतात. हे फोन उचलून नाही राहिले. मी दवाखान्यात निघाले. तुम्ही जरा चिनहटला जाता का?"

रामसजीवन हा बाराबंकीकडचा, कारखान्याच्या पहिल्या दिवसापासूनचा कारागीर. पूजेत मंत्र म्हणणारा तोच. मी ऑटो केली आणि निघालो.

कारखान्यात यंत्रे बंद होती. कामगार भिंतीशी उभे होते. मोठ्या प्रेसजवळ एका स्टुलावर गजभिये साहेब बसले होते, आणि त्यांच्यापुढे त्यांचा सुपरवायझर दिनेश, तिशीतला हुशार तरुण, दबलेल्या आवाजात बोलत होता.

"सर, इंस्पेक्टर साहब निकल चुके हैं। काट देते हैं न। आदमी की लापरवाही लिख जाएगी, बात ख़त्म। बीमा का पैसा उसको भी मिल जाएगा, ऑर्डर भी बच जाएगा।"

मी प्रेसकडे पाहिले. उजव्या बटणावर कलावा होता. इतर यंत्रांवर तो चाकाला वा खांबाला सैल बांधलेला होता. येथे मात्र बटणावरून आडवातिडवा, जाड थरांनी, इतका घट्ट आवळला होता की बटण आतच दाबून राहिले होते. पूजेचा रंग तेलाने काळवंडला होता.

"गुरुजी, बसा," साहेब म्हणाले. "मला एकट्याला बसवून नाही राहिलं."

मी शेजारच्या पेटीवर बसलो. तेव्हा मला दिसले की त्यांच्या उजव्या हातात पत्र्याच्या पट्ट्या कापावयाची कात्री होती.

"मीच मागवली," माझ्या दृष्टीचा अर्थ ओळखून ते म्हणाले. "दिनेश तर आता बोलून राहिला. त्याच्या आधी मीच मागवली."

नंतर ते मराठीत, कामगारांना कळू नये म्हणून नव्हे, तर त्यांना दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलताच येत नसावे म्हणून, सावकाश बोलू लागले. पूजेनंतर काही दिवसांनी सकाळच्या फेरीत त्यांनी हा धागा पाहिला होता. दिनेशला विचारलेही होते. "पूजा का है सर, उतारेंगे तो लड़के बुरा मानेंगे," असे दिनेश म्हणाला आणि साहेब पुढे गेले. त्या संध्याकाळी माल जास्त निघाला. दुसऱ्या दिवशीही निघाला.

"मी यांच्या श्रद्धेला हात लावत नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. रोज सांगत होतो. बटण दबलेलं दिसत होतं गुरुजी. आंधळा नव्हतो मी. तुम्हाला येऊन विचारलं तेही धाग्याबद्दल. बटणाबद्दल नाही विचारलं."

बाहेर मोटार थांबल्याचा आवाज आला. दिनेशने हात पुढे केला. "सर, दीजिए।"

गजभिये साहेब उठले. क्षणभर त्यांची कात्री त्या धाग्यापाशी गेली. मी त्यांच्या मुखाकडे पाहत होतो. त्या मुखावर तो गवताचा भूखंड होता, ती वेगळी कँटीन होती, विडीच्या कारखान्यातला बाप होता. सारे माझ्या डोळ्यांसमोरून गेले. मग त्यांनी कात्री माझ्या हातात दिली.

"ही तुमच्याजवळ ठेवा. मी मागितली तरी देऊ नका."

दिनेशकडे वळून ते म्हणाले, "कोई हाथ नहीं लगाएगा।"

कारखाना खात्याचे इन्स्पेक्टर प्रौढ, थकलेले गृहस्थ होते. त्यांनी प्रेस पाहिली आणि बराच वेळ धाग्याकडे पाहिले. "यह किसने बाँधा?"

भिंतीशी उभे असलेले कामगार साहेबांकडे पाहू लागले.

"पूजा का धागा है," साहेब म्हणाले. "पर बटन पूजा में नहीं दबा था। बाद में दबाया गया। मैं रोज़ देखता था।"

इन्स्पेक्टरांनी लेखणी थांबविली. "सोच के बोलिए, गजभिये जी। लिखना पड़ेगा। कारख़ाना बंद होगा, मुक़दमा चलेगा।"

"लिखिए।"

कारखान्याला टाळे लागले. मोठ्या कंपनीने आपले साचे उचलून नेले. पुढे तो भूखंड दुसऱ्याच कुणी घेतला. गल्लीतले लोक सहानुभूतीने बोलत, परंतु त्यात एक खोच असे. आमच्या कोपऱ्यावरचा किराणावाला मला म्हणाला, "सीधे आदमी हैं पंडितजी, बिज़नेस इनके बस का नहीं था।" दिनेशने त्याच रस्त्यावर स्वतःचे शेड टाकले, आता त्याची दोन आहेत. कुठे भेटला तर तो अतिशय आदराने माझ्या पाया पडतो आणि मी त्याला आशीर्वाद देतो. आशीर्वाद देण्याचे नाकारावे, असे शास्त्र मला ठाऊक नाही. मात्र हात त्याच्या मस्तकावर ठेवताना मनात त्या रस्त्यावरच्या इतर अनेकांचे हात येतात.

अपघातानंतर काही दिवसांनी मी साहेबांबरोबर रुग्णालयात गेलो होतो. रामसजीवनची उजव्या हाताची तीन बोटे गेली होती. अंगठा आणि तर्जनी उरली होती. साहेब पलंगाजवळ उभे राहिले. आधी बोलला तो रामसजीवनच.

"साहब, आप अपने ऊपर मत लीजिए। दिनेश भैया ने कहा था, मगर बाँधा तो हमीं ने था। हमको भी लगा, जल्दी काम निपटेगा तो बोनस मिलेगा, छत पड़ जाएगी।"

"बाँधा तुमने, रामसजीवन," साहेब म्हणाले. "खोलना मेरा काम था।"

मी पुष्कळ तत्त्वचर्चा ऐकल्या आहेत. पापाचे वाटे करून ज्याने त्याने आपापला वाटा उचलावा, दुसऱ्याच्या पानात वाढू नये, हे इतक्या थोड्या शब्दांत घडलेले मी अन्यत्र पाहिले नाही.

खटला यथावकाश संपला. दंड झाला, तो त्यांनी भरला. रामसजीवनचे छत त्यांनी स्वतः उभे राहून घालून दिले; स्लॅब पडताना पाण्याची नळी धरून ते इतक्या सूचना देत होते की गवंड्याने शेवटी हात जोडले: "बाबूजी, आप चाय पी लीजिए।" कारखाना पुन्हा सुरू झाला तो दोनच यंत्रांवर. रामसजीवन तेथे माल तपासण्याच्या कामावर आला. पुढल्या भाद्रपदात कामगारांनी पूजेचे विचारलेच नाही. तेव्हा साहेब स्वतः म्हणाले, "पूजा काहून नाही? कलश कहाँ है?" आणि मला बोलावणे आले. मंत्र झाले. धागा बांधावयाची वेळ आली तेव्हा सारेच थबकले. साहेब प्रथमच दारातून आत आले, प्रत्येक यंत्राशी उभे राहिले, आणि रामसजीवनच्या पुतण्याने धागा बांधल्यावर दोन्ही बटणे एकेक दाबून, ती परत वर येतात हे पाहूनच पुढे सरकले. पूजेत तो एक नवा उपचार झाला. माझ्या मते तो विधीला धरूनच होता.

रविवारच्या गाथा चालू राहिल्या. मात्र अर्थ लागला तरी 'बसला' म्हणण्याची त्यांना आता घाई नसे. "आणखी एकदा पाहू," असे म्हणत. दिवसेंदिवस ते कृश होत गेले. फुप्फुसांचा विकार होता. गतवर्षी, माघाच्या थंडीत, त्यांना रुग्णालयात ठेविले होते.

मी गेलो तेव्हा शालूताई औषधे आणण्यास खाली गेल्या होत्या. दार अर्धे उघडे होते. खाटेजवळच्या स्टुलावर रामसजीवन बसला होता आणि साहेबांसाठी संत्रे सोलत होता. भंडाऱ्याकडून कुणी नातलगाने पाठविलेली संत्री होती ती. डाव्या तळहातावर फळ धरून, उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि त्या एका बोटाने तो साल काढीत होता. साल मध्येच तुटे, फळ घसरे, तो ते पुन्हा धरी. खोलीत संत्र्याचा वास पसरला होता.

साहेबांचा हात चादरीवरून उचलला गेला. मला वाटले, ते फळ मागून घेणार. दोन क्षणांत सोलून झाले असते. तो हात अर्ध्या वाटेवर थांबला आणि परत चादरीवर जाऊन पडला. ते उशीला टेकले, डोळे रामसजीवनच्या बोटांवर ठेवले, आणि थांबून राहिले. मीही दारातच उभा राहिलो. पुष्कळ वेळाने पहिली फोड निघाली. रामसजीवनने तिच्यावरचा दोरा न् दोरा काढला आणि ती त्यांच्या ओठांशी नेली.